वजनकाट्याचा २ आणि ५ कुणी खाल्ला?

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत नोकरीला लागलो तेव्हा माझी पक्की समजूत होती, की लिनक्समध्ये एका प्रोग्रामने सिरियल पोर्ट (एकामागून एक बिट पाठवणारी जोडणी) उघडला की दुसऱ्याला तो मिळत नाही. दुसऱ्याच आठवड्यात ती मोडली.

टेबलावर वजनकाट्याचा इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारा डबा), पोर्टचा वेग ९६०० बॉड. काट्यावर १२४५० दिसतंय, माझ्या स्क्रिप्टला मिळतंय १४०. दोन तास केबल बदलल्या, अर्थिंगवर संशय घेतला. शेवटी आमचे काका आले (दांडिया बाजारातले, रागावतात तेही मराठीत). म्हणाले, "अरे, आधी फ्यूजर चालवून बघ, पोर्टवर कोण बसलंय!" दोन पीआयडी (चालू प्रोग्रामचे क्रमांक) निघाले. एक माझी स्क्रिप्ट, दुसरं माझंच सकाळी विसरलेलं मिनीकॉम, म्हणजे पोर्टशी हाताने बोलायचा प्रोग्राम. आलेला बाइट जो आधी वाचेल त्याचा, दुसऱ्याला तो पुन्हा मिळत नाही. मिनीकॉमने बिचाऱ्याने कुलूप लावलं होतं, माझ्या स्क्रिप्टने पाहिलंच नव्हतं.

नवीन येणाऱ्यांना इथेच अडखळायला होतं. हे कुलूप म्हणजे यूयूसीपीच्या (युनिक्स संगणकांत फाइली पाठवायच्या जुन्या पद्धतीच्या) जमान्यातली रीत: लॉक डिरेक्टरीत 'एलसीके..' आणि पुढे पोर्टचं नाव अशी फाइल, आत दहा रकाने भरतील असा पीआयडी. कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याकडे ढुंकूनही बघत नाही. ज्याला मानायचंय त्याने मानावं. पीआयडीवाला मेला असेल तर फाइल शिळी, खुशाल काढा. मी एकदा न बघता काढली आणि शेजारच्याचं चालू कॅलिब्रेशन बिघडवलं. त्या दिवशी चहा माझ्याकडून होता.

आणखी एक खोच: फाइलचं नाव पोर्टच्या नावावरून पडतं. एकाने टीटीवाययूएसबी० (यूएसबीवरच्या पोर्टचं नाव) उघडला, दुसऱ्याने यूडेव्हने (डिव्हाइसना नावं देणारी लिनक्सची यंत्रणा) दिलेल्या सिमलिंकवरून, म्हणजे टोपणनावावरून, तोच पोर्ट घेतला, तर कुलपं दोन आणि दार एकच. एफलॉक (उघडलेल्या फाइलवरच कुलूप लावणारी दुसरी सोय) सिमलिंकमागचं खरं डिव्हाइसच धरतं, म्हणून तिथे हा घोळ होत नाही. पण तेही मानणाऱ्यापुरतंच, आणि ते 'एलसीके' फाइल बघत नाही. पायसिरियल या पायथनच्या लायब्ररीत एक्सक्लुझिव्ह ट्रू दिलं की एफलॉकच लागतं. टीआयओसीईएक्ससीएल (पोर्ट फक्त आपल्यापुरता ठेवायची कर्नलला सूचना) मात्र कर्नल पाळतं, नंतर उघडणाऱ्याला ईबिझी, म्हणजे 'पोर्ट व्यस्त' ही चूक मिळते. सुडोने (मुख्य अधिकार घेऊन) आलेल्याला नाही.

मी आता तिन्ही लावतो. काका म्हणतात अती झालं. मिनीकॉम अजूनही बंद करायचं विसरतोच, पण आता स्क्रिप्ट सुरूच होत नाही. 'पोर्ट अडकलाय' म्हणून पीआयडी छापते, आणि तो बहुतेक वेळा माझाच असतो.