जुनी गाडी विकताना-घेताना या चुका टाळा

पैसे मिळाले, चावी दिली, स्टॅम्प पेपरवर सह्या झाल्या, की गाडी विकली असं आपण धरून चालतो. कायदा मात्र आरसीवर नाव कोणाचं आहे ते बघतो. एका अपघाताच्या खटल्यात गाडी एकापाठोपाठ अनेकांना विकली गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्याच मालकाचं होतं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच टाकली. अपघात झाला तेव्हा गाडी त्याच्या दारातून जाऊन दोनेक वर्षं झाली होती.

म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे गाडी विकल्याची सूचना आणि नाव बदलण्याचा अर्ज यांवर, कोऱ्या सह्या करून देणं. एजंट म्हणतो, ‘तुम्ही फक्त सही करा, बाकी मी बघतो.’ मग ते कागद पुढचं गिऱ्हाईक सापडेपर्यंत त्याच्याकडे पडून राहतात आणि तोवरची ई-चलनं तुमच्या नावावर येत राहतात. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरलेली असल्याशिवाय सही करू नका. भरलेल्या फॉर्मचे फोटो ठेवा. गाडी ताब्यात दिल्याची पावती घ्या आणि तिच्यावर वेळही लिहा. त्या दिवशी सकाळी चलन फाटलं की संध्याकाळी, यावरूनसुद्धा वाद होतात.

ट्रान्सफर हे घेणाऱ्याचंच काम, हा दुसरा गैरसमज. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

कर्ज फिटलं म्हणून आरसीवरचं बँकेचं नाव आपोआप जात नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन बोजा आधी उतरवून घ्या. परराज्याच्या पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण तिला मूळ आरटीओची एनओसी (फॉर्म २८) लागते आणि आपल्या राज्याचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. सौदा करतानाच तो किमतीत धरा.

विम्याकडे दुर्लक्ष होतं ते घेणाऱ्याचं. थर्ड पार्टी संरक्षण (गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा विमा) गाडीबरोबर येतं, पण पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायला १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. तो राहिला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, विकणाऱ्याचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही.

अर्ज अडकलाच तर आधी थकलेली चलनं, संपलेली पीयूसी आणि आधार-आरसीवरच्या नावाचं स्पेलिंग तपासा. बऱ्याचदा ओटीपी विकणाऱ्याच्या बंद पडलेल्या जुन्या नंबरवर जात असतो. त्यामुळे ऑनलाइन अर्ज दोघांनी शेजारी बसूनच भरावा. विकणाऱ्यानं आपला फास्टॅग त्याच दिवशी बंद करावा आणि सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर मालकाचं नाव बदललेलं दिसेपर्यंत सगळ्या पावत्या जपून ठेवाव्यात.