डॅशकॅम बसवताना: कार्ड, फ्यूज आणि उसाची ट्रॉली

जानेवारीतली संध्याकाळ, कासेगावच्या अलीकडचा सर्व्हिस रोड. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. मागच्या ट्रॉलीला ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. चढावर ट्रॅक्टर दमला, थांबला आणि मागची ट्रॉली सावकाश मागं येऊन माझ्या बोनेटवर टेकली. माझ्या पाठीशी एसटी, त्यामुळं सरकायला जागा नव्हती. नुसता हॉर्न दाबून धरला. ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, "ताई, तुम्हीच येऊन धडकलाय की." मी मनात म्हटलं, बोल बाबा, काचेवर डॅशकॅम आहे, समोरचा रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा.

घरी येऊन कार्ड लॅपटॉपला लावलं. शेवटची फाइल तीन आठवड्यांपूर्वीची!

कार्ड मेलं होतं. गाडी चालू केली की कॅमेरा दोनदा बीप करायचा, तो सीटबेल्टचा आवाज समजून मी सोडून देत होते. बोनेटचा खर्च खिशातून गेला. ज्या दुकानात कॅमेरा बसवून घेतला होता, त्यानं मोबाइलचं साधं कार्ड घालून दिलं होतं आणि वायर तर कशीही कोंबली होती. मग सगळं उपसून मी स्वतः बसवलं. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकल घेते, मल्टिमीटर हाताखालचा. पण एवढं शिक्षण लागत नाही, रविवारची सकाळ पुरते.

आधी कार्डाचंच सांगते. कॅमेरा दिवसभर त्याच कार्डावर लिहितो, जागा संपली की सगळ्यात जुनं पुसून पुन्हा लिहितो. फोटो साठवायच्या कार्डाला हा मारा झेपत नाही. पाकिटावर 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं कार्ड घ्या, ते याच कामासाठी असतं. आकाराचा हिशोब असा: माझा कॅमेरा फुल एचडीत तासाला साधारण साडेसहा-सात जीबी खातो. म्हणजे ६४ जीबीत नऊएक तास. कराड ते पेठ नाका जाऊन-येऊन माझा रोज दीड तास जातो, म्हणजे सोमवारी सकाळचं दृश्य पुढच्या सोमवारपर्यंत पुसलेलं असतं. काही घडलं तर त्याच दिवशी फाइल काढून घ्यायची, 'बघू रविवारी' चालत नाही. आणि कार्ड फॉरमॅट करायचं ते लॅपटॉपवर नाही, कॅमेऱ्यातच.

कॅमेरा घेताना मी एकच गोष्ट अडून विचारते: आत बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर, म्हणजे बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा भाग? आमच्या कॉलेजच्या मैदानात झाड नाही. एप्रिलमध्ये दुपारी गाडीचं दार उघडलं की भट्टीचं तोंड उघडल्यासारखं होतं. तिथं लिथियमची बॅटरी फुगते. सुपरकपॅसिटरला उन्हाचं तेवढं वावडं नसतं. बाकी फोर-के वगैरेच्या मागं लागू नका. रात्री समोरून येणाऱ्या गाडीची नंबरप्लेट बहुतेक कॅमेऱ्यांत हेडलाइटच्या झगझगाटात पांढरीच दिसते.

जागा आरशाच्या मागं, डाव्या हाताला. ड्रायव्हरच्या नजरेत यायला नको आणि वायपर फिरतो त्या पट्ट्यात मात्र हवा, नाहीतर पावसाळ्यात चार महिने नुसते थेंब रेकॉर्ड होतील. काचेच्या वरच्या कडेला काळे ठिपके असतात, त्यांच्यावर कॅमेऱ्याच्या स्टँडची टेप नीट धरत नाही. फास्टॅगवर कॅमेरा चढवू नका. काच स्पिरिटनं पुसून, पूर्ण वाळू द्या. टेप लावल्यावर अर्धा मिनिट दाबून धरा आणि कॅमेरा लगेच न अडकवता एक रात्र जाऊ द्या. मी पहिल्यांदा घाई केली, तर तिसऱ्या दिवशी कॅमेरा वायरीला वटवाघळासारखा लोंबकळत होता.

वायर काचेच्या वरच्या कडेनं छताच्या अस्तरात बोटानं सारत न्यायची. जुनं एटीएम कार्ड असलं तर उत्तम, नख तुटत नाही. पुढच्या खांबाशी मात्र थांबा. तुमच्या गाडीला बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर ती या खांबाच्या पट्टीमागं, छताच्या कडेनं असते. वायर तिच्या पुढून गेली तर एअरबॅग उघडताना वायर आणि पट्टी दोन्ही तोंडावर यायची. पट्टी काढून वायर एअरबॅगच्या मागून न्यायची. दुकानदारानं नेमकी पुढून नेली होती. हे जमणार नसेल तर एवढंच काम चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि त्याच्या शेजारी उभं राहा.

वीज घ्यायला दोन वाटा. लायटरच्या सॉकेटातून घेतली की काम पाच मिनिटांचं, पण सॉकेट अडकतं आणि स्वस्तातला चार्जर असेल तर रेडिओ खरखरतो. सांगली आकाशवाणीवरच्या बातम्या मी महिनाभर त्या खरखरीतून ऐकल्या. दुसरी वाट हार्डवायर किटची, म्हणजे थेट फ्यूजच्या डब्यातून वीज घ्यायची. त्यात तीन वायरी: काळी अर्थिंगला (गाडीच्या बॉडीला), लाल किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या विजेला, पिवळी कायमच्या विजेला.

माझ्या गाडीत फ्यूजचा डबा स्टिअरिंगखाली, उजव्या गुडघ्याच्या वर आहे. मल्टिमीटर वीस व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी पिन बॉडीच्या उघड्या बोल्टला लावा आणि लाल पिन फ्यूजच्या डोक्यावरच्या धातूच्या ठिपक्याला. किल्ली बंद असताना शून्य आणि फिरवल्यावर बारा दाखवणारा फ्यूज लाल वायरीसाठी. लायटर सॉकेटचा बहुधा असाच असतो. एअरबॅग आणि एबीएसच्या (ब्रेकच्या यंत्रणेच्या) फ्यूजला हातही लावू नका. निवडलेला फ्यूज काढून खिशात घाला आणि दुकानात जाऊन त्याच मापाचा फ्यूज टॅप घ्या, म्हणजे एकाच फ्यूजच्या जागेतून आणखी एक वायर काढायची जोडणी. मिनी आणि लो-प्रोफाइल मिनी लांबून सारखेच दिसतात. मला त्यापायी दोन हेलपाटे पडले.

टॅपमध्ये मूळ फ्यूज परत बसतो, वरच्या खाचेत कॅमेऱ्याचा दोन-तीन अँपिअरचा. टॅप उलटा बसला तरी कॅमेरा चालतो, म्हणून फसायला होतं. तपासायचं असं: टॅपमधला मूळ फ्यूज उपसा आणि किल्ली फिरवा. कॅमेऱ्याच्या वायरीला तरीही वीज येत असेल तर बरोबर. गेली, तर कॅमेऱ्याची वीज मूळ फ्यूजमधून जातेय. टॅप काढून फिरवून बसवा.

पिवळी वायर गाडी उभी असतानाच्या रेकॉर्डिंगसाठी. बॅटरी किती व्होल्टला उतरली की कॅमेरा बंद व्हावा, हे किटमध्ये ठरवता येत असेल तर १२.२ ठेवा. धडधाकट बॅटरी बंद गाडीत १२.६ च्या आसपास असते, १२.२ म्हणजे जवळजवळ निम्मी उतरलेली. माझी बॅटरी चार वर्षांची, म्हणून मी पिवळी आणि लाल एकत्र करून लालच्याच फ्यूजवर दिल्या. उभ्या गाडीचं रेकॉर्डिंग होत नाही, पण सकाळी गाडी ढकलावीही लागत नाही.

सेटिंगमध्ये आधी तारीख-वेळ. ती चुकली तर व्हिडिओवर पहिला संशय तिथंच. धक्क्याचा सेन्सर 'लो'वर ठेवा. तो धक्का बसला की फाइलला कुलूप घालतो; आपल्या रस्त्यांवर 'हाय' ठेवलात तर प्रत्येक खड्डा अपघात ठरून आठवड्यात कार्ड कुलूपबंद फाइलींनी भरेल. आवाजाचं रेकॉर्डिंग मी बंद केलं. का, ते माझ्या नणंदेला विचारू नका. वेग दाखवणारं जीपीएस असेल तर लक्षात ठेवा, त्यात तुमचाही वेग दिसतो.

अपघात झालाच तर फाइल लॉक करा, कार्ड काढून बाजूला ठेवा, नवीन कार्ड घाला. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की दर्जा घसरतो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून. कापाकापी, बाण, गोल काही नको. कोर्टात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पूर्वी हेच जुन्या पुरावा कायद्यातलं ६५ ब होतं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसाच, लिहावी लागते आणि फाइल जरा बदलली तरी ती बदलते, म्हणून मूळ फाइलला हात न लावलेला बरा.

मामंजी सुरुवातीला म्हणायचे, "तासवड्याच्या टोलनाक्यावर एवढे कॅमेरे लावलेत, त्यात आणि आपला कशाला गं?" आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी गाडी धुताना कार्ड काढते, कालची फाइल उघडतेय का बघते, मग फॉरमॅट करते. तेव्हा तेच खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसतात. बहुतेक वेळा पुढच्या एसटीची पाठ आणि उसाची मोळी, दुसरं काही नसतं. तरी फाइल संपेपर्यंत ते उठत नाहीत.