स्पर्धेसाठी कंट्रोलर घेताना: वायर की वायरलेस?

सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 60 चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची असते. स्ट्रीट फायटर 6 या मारामारीच्या गेममधल्या परफेक्ट पॅरीला, म्हणजे समोरच्याचा वार अचूक क्षणी अडवायला, फक्त 2 फ्रेम मिळतात. बटणाला दर वेळी 4 मिलिसेकंद उशीर झाला तर हात त्याला सरावतो. तोच उशीर एकदा 4 आणि एकदा 20 झाला की बसलेलं टायमिंग बिघडतं. म्हणून सरासरीपेक्षा हा चढउतार बघा. त्याआधी टीव्ही गेम मोडवर, म्हणजे चित्र कमी उशिराने दाखवणाऱ्या सेटिंगवर घ्या. तो बंद असेल तर टीव्हीच इतका वेळ खातो की कंट्रोलरची चर्चा फुकट.

वायरलेसमध्ये ब्लूटूथ वेगळं आणि यूएसबी रिसीव्हरवालं 2.4 गिगाहर्ट्झ वेगळं. पण दोन्ही एकाच पट्ट्यात चालतात आणि त्याच पट्ट्यात वायफाय न्‌ मायक्रोवेव्हही येतात. बेळगावात शहापूर-वडगावच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं असतात. मोबाईलवर वायफायची यादी उघडा. शेजाऱ्यापाजाऱ्यांची सात-आठ नावं दिसली तर ब्लूटूथच्या भरवशावर मॅच खेळू नका. खानापूरकडच्या एकेकट्या घरात तोच पॅड, म्हणजे कंट्रोलर, बिनतक्रार चालेल. ब्लूटूथ इअरफोनही त्याच लॅपटॉपला जोडलेले असतील तर ते आधी काढा.

रिसीव्हरवाला पॅड असेल तर रिसीव्हर पीसीच्या मागे खोचू नका. यूएसबी 3 च्या पोर्टमधून 2.4 गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट होतो आणि मध्ये कॅबिनेटचा पत्राही येतो. एक मीटरची यूएसबी 2 एक्स्टेंशन घेऊन रिसीव्हर टेबलावर, पॅडच्या समोर ठेवा. शंभर-दीडशे रुपयांत एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. घरचा वायफाय 5 गिगाहर्ट्झवर घेतला तर आणखी बरं.

वायर लावली की पॅड आपोआप जलद होतो, हाही गैरसमज. पीएस5 चा (प्लेस्टेशन 5 चा) पॅड ड्युअलसेन्स यूएसबीवर सेकंदाला 250 वेळा, म्हणजे दर 4 मिलिसेकंदांनी माहिती पाठवतो. एक्सबॉक्सचा पॅड 125 वेळा. काही रिसीव्हरवाले पॅड 1000 पर्यंत जातात. तेव्हा खोक्यावर 1000 हर्ट्झ (सेकंदाला 1000 वेळा) लिहिलेलं असेल तर ते वायरवर की रिसीव्हरवर, हे दुकानदाराला विचारा. ब्लूटूथवर बहुधा तेवढं मिळत नाही.

तरी स्पर्धेला वायरच. चार्जिंगची काळजी नाही: पावसाळ्यात आदल्या रात्री लाईट गेली तर सकाळी पुण्याला किंवा बेंगळुरूला निघताना अर्धी बॅटरी घेऊन जावं लागत नाही. शिवाय हॉलमध्ये वीस-तीस पॅड एकत्र चालू असतात, तिथे हवेतल्या सिग्नलचा काही नेम नाही.

केबल मात्र पारखून घ्या. खडेबाजारात स्वस्तात मिळणाऱ्या काही केबल्स नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. दुकानातच मोबाईल लॅपटॉपला जोडून बघा; फाईल दिसली तर घ्या. लांबी 3 मीटर पुरे. पॅडच्या तोंडाशी केबल सतत वाकून आतली तार तुटते आणि ऐन मॅचमध्ये पॅड क्षणभर बंद पडून पुन्हा चालू होतो. म्हणून टेबलाच्या पायाला एक सैल वेढा द्या. ओढ बसली तर ती पायाला बसेल, पोर्टला नाही. एक जादा केबल बॅगेत हवीच.

पीएस5 वर केबल जोडली तरी काम संपत नाही. सेटिंग्ज, ॲक्सेसरीज, कंट्रोलर्स, कम्युनिकेशन मेथड असं जाऊन ‘यूज यूएसबी केबल’ निवडा, नाहीतर केबलने चार्जिंग होईल आणि बटणं ब्लूटूथनेच जातील. सामना संपल्यावर त्याच कन्सोलच्या ब्लूटूथ ॲक्सेसरीजमधून आपला पॅड डिलीट करा. राहिला, तर बाजूला बसून चुकून पीएस बटण दाबलंत की दुसऱ्यांची मॅच थांबते आणि अख्खा हॉल ओरडतो, "कुणाचा पॅड रे हा, पॉज झालं की!"