सप्ताहात पंगत सांभाळणारा मुलगा कॉलेजात पुढे कसा येईल?

राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटप्रमुखासाठी ‘इच्छुकांनी नावे द्यावीत’ अशी नोटीस लागली, की बहुतेक तीच चार शहरी नावं येतात. खेड्यातून एसटीच्या पासवर येणारा मुलगा नोटीस वाचतो आणि निघून जातो. घरून त्याला बजावलेलं असतं, ‘शिकायला चाललास, पुढारीपणा करायला नाही.’ स्वतःहून नाव देणं त्याला पुढे पुढे करणं वाटतं. म्हणून शिक्षकांनो, तो पद मागेल याची वाट पाहू नका. आधी काम द्या.

नोंदणीच्या अर्जावर दोन प्रश्न वाढवा. गावच्या हरिनाम सप्ताहात, गणपतीत किंवा जयंतीत तुझ्याकडे काय असतं? आणि गावाकडची शेवटची सोयीची गाडी किती वाजता? ‘पंगतीला वाढतो’ असं लिहिणाऱ्याला बोलावून खोदून विचारा: एका पंगतीला किती माणसं बसतात? वरण कमी पडायला लागलं तर काय करता? ‘तिसऱ्या पंगतीच्या आधीच दुसरं आधण ठेवतो, वाढणारी पोरं शेवटी बसतात’ असं तो सांगून जातो. अंदाज, क्रम, आणि स्वतः शेवटी जेवणं, तिन्ही त्याच्याकडे आहेत. यालाच नेतृत्व म्हणतात, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नसतं. ते त्याच बैठकीत सांगा.

मग मागणी करा, पण एकट्याला गाठून. ‘तू लीडर हो’ म्हटलं की मुलगा मान खाली घालतो. त्याऐवजी म्हणा, ‘शनिवारी सकाळी आठला दहा जण आणायचे, दीड फुटाचे वीस खड्डे घ्यायचे, हत्यारं सही करून न्यायची आणि मोजून परत करायची.’ एवढ्याला हो म्हणणं सोपं असतं. बैठक चारला ठेवली आणि त्याची गाडी साडेतीनला असेल, तर तो येणार नाही. सोयाबीन काढणीच्या दिवसांतही नाही. त्याला ‘रस नाही’ असा शेरा मारू नका.

खरी तयारी होते ती योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात. पन्नास मुलामुलींचे दहादहाचे पाच गट करा. प्रत्येक गटाला दोन कुदळी, तीन फावडी, पाच घमेली दिली की कुणी रिकामं उभं राहत नाही. पहिले दोन दिवस गटनायक दुसऱ्या वर्षाचे ठेवा, तिसऱ्या दिवसापासून नव्यांकडे द्या. एकच गटनायक आठवडाभर राहिला, तर बाकीचे पाहुणे होतात. रात्रीच्या बैठकीत गटनायकाने तीनच गोष्टी सांगायच्या: काय झालं, काय राहिलं, उद्या काय लागेल. भाषण नको.

इथे घात होतो तो बहुधा आपल्याच हातून. बंधाऱ्याची ओळ वाकडी गेली म्हणून सर सगळ्यांसमोर ओरडले, की तो मुलगा पुन्हा जबाबदारीच्या जवळ फिरकत नाही. बाजूला घ्या, दोरी त्याच्या हातात द्या, ओळ त्यालाच सरळ करू द्या. दुसरी चूक म्हणजे खुर्च्या उचलणं, चहा आणणं, फ्लेक्स बांधणं यालाच जबाबदारी समजणं. निर्णय त्याचा हवा. भाजीला पाचशे रुपये द्या, काय आणायचं ते त्याला ठरवू द्या आणि त्याच संध्याकाळी पावत्यांसह हिशेब वहीत लिहून घ्या. हिशेब राहिला, की कुजबुज सुरू होते आणि चांगला मुलगा त्यातच मागे हटतो.

मुलांना पुढे आणताना मुली रांगोळी आणि स्वागतगीतापुरत्या उरत नाहीत ना, हेही पाहा. हिशेबाची वही आणि हत्यारांची यादी आलटून पालटून दोघांकडे जायला हवी.

महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणूक जाऊन वर्ग प्रतिनिधी गुणांवर ठरू लागला. सर्वाधिक गुण मिळवणारा मुलगा वर्गाला एकत्र आणेलच असं नसतं, त्यामुळे खरी माणसं हेरायला शिबिर हीच जागा उरली. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकीची तरतूद परत आणली, तरी शिबिराचं हे महत्त्व कायम आहे.

मुलगा पद मागायला तयार झालाय, हे त्याच्या बोलण्यातून कळतं. ‘सर, काय करायचं?’ जाऊन ‘सर, पुढच्या वेळी आपण असं करू’ येतं. बोलावल्याशिवाय तो गावातला आणखी एक जण घेऊन येतो. तेव्हाच अर्ज त्याच्यापुढे ठेवा, दोन महिने थांबू नका. आणि पुढच्या जुलैत नव्या मुलांचे अर्ज वाचायला त्यालाच शेजारी बसवा. पंगतीचा प्रश्न तो तुमच्यापेक्षा चांगला विचारेल.