खारदुंग लाच्या 72 किलोमीटरसाठी तयारीची यादी

सप्टेंबरात होणाऱ्या लडाख मॅरेथॉनमधील खारदुंग ला चॅलेंजसाठी, म्हणजे खारदुंग ला या खिंडीवरून लेहपर्यंत धावण्याच्या शर्यतीसाठी, नाव नोंदवले की बहुतेक जण बुटांची चौकशी सुरू करतात. माझ्या मते यादीतली पहिली नोंद रजेच्या अर्जाची असावी. लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे, म्हणजे मुंबई-पुण्याहून विमानाने निघालेला माणूस कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर काही तासांत जाऊन पोहोचतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो आणि खिंडीत तो निम्म्याच्या जरासाच वर उरतो. शरीराला याची सवय होण्यास दिवसच लागतात आणि उत्तम धावपटूलाही त्यात सवलत मिळत नाही. उलट, ज्याला स्वस्थ बसवत नाही तोच पहिल्या दिवशी बाजारातून धावत सुटतो आणि रात्री डोके धरून बसतो. म्हणून शर्यतीपूर्वी किमान दहा-बारा दिवस लेहमध्ये काढता येतील अशी रजा घ्यावी आणि लवकर पोहोचण्याबाबत आयोजकांची अट काय आहे, तेही तिकिटे काढण्याआधी वाचावे.

या दिवसांचा क्रमही आधीच कागदावर मांडावा. पहिले दोन दिवस विश्रांतीचे, तिसऱ्या दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या सावकाश चढण्याचे आणि त्यानंतर हळूहळू धावण्याचे, बोलता बोलता धावता येईल एवढ्याच वेगाने. मधल्या एखाद्या दिवशी गाडीने खिंडीपर्यंत जाऊन थोडे चालून परत यावे, मात्र मुक्काम लेहमध्येच ठेवावा. दारू आणि झोपेच्या गोळ्या या दिवसांत वर्ज्य समजाव्यात.

निघण्यापूर्वी डॉक्टरांची भेट ठरवावी. रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि चालू असलेली औषधे यांबद्दल सविस्तर बोलावे. अ‍ॅसिटाझोलामाइड हे उंचीचा त्रास टाळण्याचे औषध घ्यायचे की नाही हेही त्यांनाच ठरवू द्यावे, आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास ती आवर्जून सांगावी. घ्यायचे ठरलेच, तर घरी एक-दोन दिवस घेऊन पाहणे बरे. बोटांना मुंग्या येणे, वारंवार लघवीला जावे लागणे आणि सोडा वॉटर बेचव लागणे हे त्याचे नेहमीचे परिणाम आहेत, आणि ते ठाऊक नसले की माणूस लेहच्या खोलीत उगाच घाबरतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सोबत असावा, पण तो 85 दाखवतो म्हणून झोप उडवून घेऊ नये. लेहमध्ये नव्याने आलेल्यांत असे आकडे दिसतात आणि गार बोटांवर ते चुकतातही. आकड्यापेक्षा लक्षणे महत्त्वाची. डोकेदुखीसोबत मळमळ असेल तर आणखी वर जाऊ नये. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालता येत नसेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर शर्यत विसरून ताबडतोब खाली उतरावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. ही दोन लक्षणे सोबत्यालाही पाठ करून ठेवायला सांगावीत, कारण झोकांड्या जाणाऱ्याला स्वतःच्या झोकांड्या कळत नाहीत.

सरावाचा आराखडा मार्ग पाहून करावा. शर्यत जिथून सुटते ते खारदुंग गाव सुमारे 3,975 मीटरवर आहे आणि तिथून खिंडीपर्यंतच्या 32 किलोमीटरांत जेमतेम 1,400 मीटरची चढाई आहे. (खिंडीतल्या जुन्या पाटीवर 18,380 फूट असे लिहिलेले असे, प्रत्यक्ष उंची 5,359 मीटर, म्हणजे 17,600 फुटांच्या आत आहे, आणि तेवढी पुरेशी आहे.) चढ सौम्य पण न संपणारा असल्यामुळे सिंहगडाच्या पायवाटेपेक्षा त्याचा मोटाररस्ता सरावाला अधिक उपयोगी पडतो, आणि तिथे धावण्याइतकाच भर झपाझप चालण्यावर द्यावा. खिंडीनंतर लेहपर्यंतचे 40 किलोमीटर उताराचे असून मांडीच्या पुढच्या स्नायूंची खरी परीक्षा तिथे होते. त्यामुळे घाट चढून गाडीने परतण्याची सवय सोडावी आणि धावतच उतरावे.

बूट निवडताना ही शर्यत मोटाररस्त्यावरची आहे हे लक्षात ठेवावे. खोल खाचांच्या तळव्यापेक्षा जाड गादीचा, अर्धा नंबर मोठा आणि आधीच वापरून मऊ झालेला जोड घ्यावा, आणि उतारावर अंगठे पुढे घासतात म्हणून नखे दोन दिवस आधीच कापावीत. सुरुवात पहाटेच्या अंधारात आणि कडाक्याच्या थंडीत होते, तर दुपारी लेहकडे उतरताना ऊन भाजून काढते. म्हणून एका जाड जाकिटाऐवजी काढता-घालता येणारे पातळ थर, विंडचीटर, कानटोपी, हातमोजे, हेडलॅम्प, गडद गॉगल आणि सनस्क्रीन हवे. तिथल्या कोरड्या हवेने ओठ फुटतात आणि नाकातून रक्तही येते, त्यामुळे व्हॅसलिनची डबी कमरेच्या पिशवीतच ठेवावी.

उंचीवर भूक मरते, हे गृहीत धरूनच खाणे निवडावे. गुळाची चिक्की थंडीत दगडासारखी होते, तेव्हा तिचे लहान तुकडे करून न्यावेत. खजूर, राजगिऱ्याची वडी आणि खारे शेंगदाणे तोंडात जातात. मीठ-साखरेचे पाणी घोट घोट घ्यावे, पण भीतीपोटी लिटरच्या लिटर साधे पाणीही पिऊ नये.

बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे लडाखमध्ये चालत नाहीत, म्हणून पोस्टपेड सोबत असावे. थंडीत बॅटरी लवकर उतरते, तेव्हा फोन आतल्या खिशात ठेवावा. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच न्यावी लागते. खराब हवामानामुळे लेहची विमाने रद्द होतात, त्यामुळे परतीचे तिकीट शर्यतीनंतर निदान दोन दिवस सोडून काढावे आणि मुंबई-पुण्याच्या कार्यालयातही तीच तारीख सांगावी.