ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं जुनं ऑइल बदलताना

ज्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये एकूण ८ लिटर ऑइल मावतं, त्याचा ड्रेन प्लग काढला की साधारण ३ लिटरच खाली येतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग), कूलर आणि पाइपांमध्ये राहतं. त्यामुळे एकदा ऑइल बदललं तरी आत निम्म्याहून जास्त जुनंच असतं. हेच काम थोड्याथोड्या अंतराने तीनदा केलं, तर पाऊण हिस्सा नवं ऑइल होतं. प्रेशर मशीन लावून एका दमात सगळं बदलून घेण्यापेक्षा हा मार्ग सावकाश असला तरी घरी नीट जमणारा आहे.

आधी गिअरबॉक्स कोणत्या जातीचा आहे ते पक्कं करा. एएमटी म्हणजे आपोआप गिअर टाकणारा मॅन्युअल गिअरबॉक्स, त्याला ऑटोमॅटिकचं ऑइल, म्हणजे एटीएफ, चालत नाही. सीव्हीटी म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक, त्यात पट्टा आणि पुली यांची पकड ऑइलवर अवलंबून असते. तिथे साधं एटीएफ ओतलं तर पट्टा घसरून पुलीवर ओरखडे पडतात. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्समध्येही डेक्सरॉन ६, टोयोटाचं डब्ल्यूएस, होंडाचं डीडब्ल्यू-१ ही वेगवेगळी ऑइलं आहेत. गाडीच्या पुस्तकात जे नाव असेल तेच घ्या, 'सगळ्या गाड्यांना चालतं' या लेबलवर विसंबू नका. रंगावरून तर ऑइल ओळखूच नका.

गिअर आधीच स्लिप होत असेल, इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही अशी अवस्था असेल, तर क्लच प्लेट झिजलेल्या असण्याची शक्यता मोठी. नवं ऑइल त्या परत आणणार नाही. आणि ऑइल दुधाळ गुलाबी दिसलं तर त्यात कूलंट मिसळलंय. तेव्हा गाडी चालवू नका, आधी रेडिएटरमधला कूलर तपासून घ्या.

गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून ऑइल कोमट करा. कडक तापलेलं ऑइल हात भाजतं, म्हणून लांबचा प्रवास करून आल्याआल्या प्लगला हात लावू नका. गाडी चारही बाजूंनी जॅक स्टँडवर, अगदी सपाट उभी हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. पुढचं टोक वर राहिलं तर शेवटी लेव्हल चुकणार, हे धरून चाला.

पहिल्यांदा भरायचा प्लग सोडवा, मगच ड्रेन प्लग. ऑइल काढून टाकल्यावर वरचा प्लग गंजून जाम निघाला, तर गाडी तिथेच अडकते. इंजिन ऑइलचा आणि डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा) प्लगही जवळच असू शकतो, तेव्हा पुस्तकातलं चित्र बघून खात्री करा. प्लग काढल्यावर कपभर ऑइल येऊन धार थांबली, तर भोकाच्या आत प्लास्टिकची लेव्हल नळी असणार. ती षट्कोनी पान्याने सोडवली की खरी धार सुरू होते.

निघालेलं ऑइल मापाच्या भांड्यात मोजा. यातली हयगय महागात पडते, कारण तितकंच नवं भरायचं असतं. ऑइल थंड झाल्यावर मोजलंत तर आणखी बरं.

पॅन (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं) उतरवणार असाल तर आतलं लोहचुंबक नीट बघा. त्यावर काजळासारखा मऊ, राखाडी-काळा लेप असतो. बोटांत चोळा. खरखर लागली नाही तर ती नेहमीची झीज. चमकणाऱ्या चकत्या, काटे, धातूचे तुकडे निघाले तर आत काहीतरी मोडलंय. फिल्टर बदलताना त्याची जुनी रबरी रिंग वरच्या भोकातच चिकटून राहते. ती न काढता नवी बसवली तर पंप हवा ओढतो. गॅस्केट नवं लावा. पॅनचे बोल्ट बारीक आणि आटे ॲल्युमिनियमचे, त्यामुळे टॉर्क रेंचने, समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. पुस्तकात आकडा बहुधा १० न्यूटन मीटरच्या आसपासच असतो. पॅन गळतोय म्हणून जास्त आवळलं की पत्रा वाकतो आणि गळती वाढते. ड्रेन प्लगचा वॉशरही दर वेळी नवाच.

मोजलेलं ऑइल भरा, इंजिन सुरू करा. ब्रेक दाबून धरा (चाकं हवेत असताना हे विसरू नका) आणि पी, आर, एन, डी प्रत्येकात दोन-तीन सेकंद थांबत लिव्हर फिरवा.

आता लेव्हल. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. डिपस्टिक असेल तर ऑइल गरम झाल्यावर 'हॉट' खुणेवर बघा. इंजिन चालू ठेवायचं की बंद, ते गाडीगणिक वेगळं असतं. डिपस्टिक नसेल तर गाडीच्या कंप्युटरला जोडायच्या स्कॅनरवर ऑइलचं तापमान बघा. लेव्हल किती तापमानाला बघायची ती कक्षा पुस्तकात दिलेली असते, बऱ्याच गाड्यांत ४० अंशांच्या जवळपास. तेवढं झालं की इंजिन चालू असतानाच लेव्हल प्लग (ऑइलची पातळी तपासायचा प्लग) उघडा. धार बारीक होऊन थेंब पडू लागले की लगेच बंद करा. काहीच आलं नाही तर ऑइल कमी आहे, थोडं थोडं घाला. थंड ऑइलवर लेव्हल लावली तर तापल्यावर ते जास्त होतं, फिरत्या भागांत घुसळून फेस होतो आणि हवेच्या नळीतून बाहेर येतं. फार तापल्यावर लावली तर कमी पडतं. मग पंप हवा ओढतो, गिअर उशिरा पडतो आणि क्लच जळतात.

काही गाड्यांत गिअरबॉक्सच्या कंप्युटरने आधी शिकून ठेवलेलं स्कॅनरने रीसेट करावं लागतं, नाहीतर बदलानंतर झटके जाणवतात. पुढचे दोन बदल ५०० ते १००० किलोमीटरच्या अंतराने करा, म्हणजे मधल्या काळात जुनं-नवं नीट मिसळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली पुठ्ठा टाकून थेंब बघा. जुनं ऑइल बंद कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या, गटारात किंवा मातीत ओतू नका.