‘लघवी होते ना?’ असं विचारू नका: कॉडा इक्विनातल्या त्याच त्या चुका

कंबरदुखीचा बहुतेक पेशंट गोळ्या, शेक आणि थोड्या विश्रांतीने बरा होतो. त्यामुळे आपली नजर सैल पडते, आणि त्या सैल नजरेतून कॉडा इक्विना, म्हणजे कमरेतल्या नसांचा जुडगा चेपण्याचा आजार, निसटतो. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याखाली उरतो तो नसांचा जुडगा, घोड्याच्या शेपटीसारखा, आणि ‘कॉडा इक्विना’ या लॅटिन नावाचा अर्थही तोच. कमरेच्या तळाच्या मणक्यांमधली (एल-४-५ किंवा एल-५-एस-१ची) चकती मागे मधोमध फुटून आली की हा जुडगा चेपतो. पाय हलवणाऱ्या नसा यात आहेत, तशाच मूत्राशय, गुदद्वार आणि जननेंद्रियाच्या बारीक नसाही आहेत. पाय बहुतेक वेळा सावरतात. या बारीक नसा एकदा पूर्ण गेल्या की परत येतीलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

पहिली चूक मी स्वतः केली आहे. गोव्यात तालुक्याच्या ठिकाणी रात्रपाळीला होतो, जूनचा पाऊस होता. डिचोलीकडचा एक मोटारसायकल पायलट, म्हणजे भाड्याने मोटारसायकलवर माणसं नेणारा, आला, चाळिशीचा. दोन दिवसांपूर्वी तांदळाचं पोतं उचलताना कमरेत कट्‌ झालेलं, आता दोन्ही पाय मागून पोटरीपर्यंत ठणकत होते. बाहेर इंजेक्शन घेऊन, एक्स-रे काढून झाला होता आणि ‘मणक्यात गॅप’ असं सांगितलं गेलं होतं. मी विचारलं, ‘लघवी होते ना?’ तो कोकणीत म्हणाला, ‘जाता,’ म्हणजे होते. मी केसपेपरवर ‘लघवी-संडास ठीक’ लिहिलं, वेदनेचं इंजेक्शन दिलं आणि कॉट दिली.

सकाळी सहाला त्याची बायको सांगायला आली, लुंगी सारखी ओली होतेय. कॅथेटर घातला तर ११०० मिली लघवी निघाली. एवढ्या भरलेल्या मूत्राशयाने माणूस कळवळायला हवा, पण हा शांत पडून होता आणि नळी घातल्याचंही त्याला कळलं नाही. मग म्हणाला, ‘पर्वांपासून मोटारसायकलची सीट कळना.’ दोन दिवस त्याला बसल्याची जागा जाणवत नव्हती आणि मी ते विचारलंच नव्हतं. त्याची लघवी खरंच ‘होत’ होती: तुडुंब भरून थेंबथेंब सांडत होती. पुढे पाठवलं, एमआरआय झाला, संध्याकाळी ऑपरेशन झालं. तो चालायला लागला. दोन वर्षांनी भेटला तेव्हा दिवसातून चार वेळा स्वतःच नळी घालत होता आणि पायलटचं काम सोडलं होतं. त्या रात्रीचे नऊ तास माझ्या नावावर आहेत.

तेव्हापासून मी ‘होते ना’ असं कधीच विचारत नाही. विचारतो ते असं: शेवटची भरपूर लघवी कधी झाली? लागलेली कळते का, की घड्याळ बघून जाता? धार पूर्वीसारखी आहे, की कुंथावं लागतं? होत असताना कळतं का? संडासनंतर धुताना स्वतःचा हात लागल्याचं जाणवतं का? या शेवटच्या प्रश्नावर कितीतरी जण थबकतात, कारण त्यांनीही तोवर तिकडे लक्ष दिलेलं नसतं. आणि हे विचारण्याआधी नातेवाइकांना बाहेर पाठवतो. मुलाने फाईल धरलीय, सासू शेजारी उभी आहे, अशा वेळी पेडण्याची असो की काणकोणची, कोणती बाई खरं सांगेल? लैंगिक संवेदनेचं तर त्याहून नाही.

तपासताना पँट खाली न करणं ही दुसरी मोठी चूक, आणि ती आळसापेक्षा लाजेपोटी होते. मांडीच्या आतला भाग आणि गुदद्वाराभोवतीची त्वचा, म्हणजे खोगीर टेकते तेवढी जागा, दोन्ही बाजूंनी टोचून पाहा. मी आधी गालावर टोचतो, ‘असंच लागतं का?’ विचारतो, मग खाली जातो. शेजारी सिस्टर किंवा अटेंडंट हवाच. गुदद्वाराचा ताण बोटाने पाहा, पण तो चांगला लागला म्हणून निर्धास्त होऊ नका, त्या एका तपासणीवर विसंबता येत नाही. घोट्यामागे हातोडी मारल्यावर पायाला येणारे झटके कमी असतील तर चित्र जुळतं. ते उलट जोरात येत असतील तर दाब वर, मज्जारज्जूवरच असू शकतो. अशा वेळी फक्त कमरेचा एमआरआय पुरत नाही.

लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरली ते मोजा. २०० मिलीच्या वर असेल तर संशय पक्का धरा. कमी असेल तर आजार नाही, असं मात्र ठरवू नका. कॅथेटर घातल्यावर किती निघाली ते न लिहिता पिशवी रिकामी करणारे मी दर वर्षी पाहतो. त्या आकड्यावरच पुढचा सर्जन निर्णय घेणार असतो.

एक्स-रेवर समाधान मानू नका. त्यात चकती दिसत नाही.

ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाने लघवी अडली असेल, म्हाताऱ्याचा प्रोस्टेट असेल, हे खरं असू शकतं. पण एमआरआय पाहिल्यानंतरच ते म्हणा.

संशय आल्यावर ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) नको, चोळून ‘नस बसवणं’ तर मुळीच नको.

‘४८ तास आहेत’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. २००० साली आलेल्या एका विश्लेषणात ४८ तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांचे निकाल बरे दिसले. लोकांनी त्याचा अर्थ ‘उद्या बघू’ असा घेतला. ज्याला लघवीची जाणीव कमी झालीय पण ती अजून अडलेली नाही, त्याच्या हातून सगळ्यात जास्त निसटायचं असतं, म्हणून त्याला आजच पाठवायचं. गोव्यात अंतराचं निमित्त चालत नाही. सत्तरी तालुक्याच्या टोकावरूनही १०८च्या रुग्णवाहिकेने बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज गाठता येतं. मी चिठ्ठी देऊन थांबत नाही, ऑन-कॉल सर्जनला स्वतः फोन करतो. चिठ्ठीवर तारखेसोबत वेळ लिहितो: बधिरपणा कधी सुरू झाला, लघवी कधी अडली, मी कधी तपासलं. आणि पेशंटला उपाशी ठेवतो. वाटेत प्रेमाने भाजी-पाव खाऊ घातला की भूल देणारे थांबायला सांगतात आणि सहा तास जातात.

ऑपरेशननंतर कॅथेटर काढला की लगेच घरी सोडू नका. लघवी करायला लावा आणि उरलेली पुन्हा मोजा. मूत्राशय सुधारायला महिने लागतात, कधी वर्षंही. तोवर स्वतः नळी कशी घालायची हे वॉर्डातच शिकवा, बायकोला किंवा नवऱ्याला शेजारी बसवून, आणि त्यांच्या हाताने एकदा करून घेतल्याशिवाय डिस्चार्जवर सही करू नका.